वाचक विचारतात : धंदेवाल्यांचं दुपारचं जेवण

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की सांगली-मिरज-कुपवाडच्या उद्योजकांनी महिन्यातून एकदा दुपारी एकत्र जेवावं, मोजकीच माणसं, बोलायला एखादा बाहेरचा पाहुणा, बातमी नको, बॅनर नको. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच द्यावं लागतंय. काही पत्रं फार लांब होती, ती कापलीत, रागावू नका.

अण्णा, कुपवाड एमआयडीसीत माझं मशीन शॉप आहे, पंप आणि व्हॉल्व्हचे पार्ट करतो. आम्ही दहा-बारा जण असं जेवण सुरू करायचं म्हणतोय. पण घरात म्हणतात दोन क्लब आहेत, असोसिएशन आहे, आता हे तिसरं कशाला? आणि करायचंच तर किती जण, कुठं, किती वाजता? – एक कारखानदार, कुपवाड

घरच्यांचं अर्धं बरोबर आहे. क्लब आणि असोसिएशन आपापली कामं करतातच. असोसिएशन म्हणजे रस्त्याचे खड्डे, वीजदर, निवेदनं, मंत्री आले की हार. क्लब म्हणजे रक्तदान, शाळेला बेंच. गंमत म्हणजे रोटरीसुद्धा १९०५ साली शिकागोत पॉल हॅरिस नावाच्या वकिलानं अशीच सुरू केलेली, चार ओळखीचे धंदेवाले, आळीपाळीनं एकमेकांच्या ऑफिसात बसायचे, एवढंच. पुढं ती जगभर गेली, चांगलंच झालं, पण तुम्हाला तसं मोठं व्हायचं नाही हे पहिल्याच दिवशी ठरवून टाका.

तुमच्या जेवणाचं काम एकच, स्टेजवरनं बोलता येत नाही ते इथं बोलायचं. बँकेनं सीसी लिमिट, म्हणजे धंद्याच्या कॅश क्रेडिटची मर्यादा, वाढवली नाही, मोठ्या कस्टमरनं निम्मं काम चाकणला हलवलं, पोरगा पुण्यात आयटीत रमलाय आणि कारखान्यात यायला राजी नाही, असलं माणूस पंधरा जणांत बोलतो, पन्नास जणांत नाही. म्हणून बारा ते सोळा, त्याच्या वर नको. त्याच्या वर गेलं की टेबलाचे दोन तुकडे पडतात, एका टोकाला नव्या गाडीचं अ‍ॅव्हरेज आणि दुसऱ्या टोकाला आमदारकीचं तिकीट, आणि मधे पाहुणा बिचारा पापड मोडत बसतो.

बोलवताना एक गोष्ट बघा जी सहसा कुणी सांगत नाही. कस्टमर आणि त्याचाच व्हेंडर एका टेबलावर नको. सांगली तशी लहान आहे, तुमच्या बारा जणांत कोण कुणाला माल देतो हे कागदावर मांडून बघा, चार तरी जोड्या निघतील. समजा पाहुणा थकलेल्या पेमेंटवर बोलतोय, आणि ज्यानं चार महिने पैसे दिले नाहीत तोच समोर आमटी ओरपतोय, तर व्हेंडर काय बोलणार? तो म्हणणार 'आमचं काय, सगळं व्यवस्थित हाय' आणि विषय तिथंच मेला. हीच अडचण बँकवाल्यांची. ज्याच्याकडं तुमची फाईल आहे त्याला पाहुणा म्हणून एकदा बोलवा, मेंबर करू नका.

वेळ : साडेबाराला जमायचं, एकला पानं, दीडला पाहुणा, अडीचला उठायचं. तीनला सेकंड शिफ्ट लागते, त्या वेळी मालक आपल्या गेटवर असला पाहिजे, नाहीतर पुढच्या महिन्यात तो येत नाही.

जागा : पहिली एक-दोन हॉटेलात करा, विश्रामबागेत किंवा सांगली-मिरज रस्त्याला वेगळी खोली मिळते, एसी आहे का यापेक्षा दार नीट लागतं का ते बघा आणि पलीकडं वाढदिवस नाही ना ते विचारा. नंतर एकेकाच्या कारखान्यात, कँटीनच्या जेवणावर. जेवायच्या आधी अर्धा तास शॉप फ्लोअरवर फिरायचं. आणि ज्याच्याकडं जेवण आहे त्याला माझी विनंती, त्या दिवशी फरशी धुऊन काढा पण रिजेक्शनचा ट्रे झाकून ठेवू नका. सगळ्यात कामाचं बोलणं त्या ट्रेपाशीच होतं. कुणाचा तरी कास्टिंगमधला ब्लो होल (हवेनं पडलेलं भोक) बघून दुसरा सांगतो, आमच्यात पण हेच व्हायचं, आम्ही गेटिंग (साच्यात धातू जायची वाट) बदललं. हा सल्ला पैसे देऊन मिळत नाही.

महिने ठरवताना कॅलेंडर नुसतं भिंतीवरचं बघू नका. मार्चअखेर नको, सगळे सीएकडं असतात. हळद-बेदाण्याची माणसं असतील तर ऐन सौद्यांचा हंगाम सोडून धरा. आणि जुलै-ऑगस्टात कृष्णेच्या पाण्यानं आयर्विन पुलाखाली ४० फूट, म्हणजे इशारा पातळी, गाठली की जेवण रद्द समजायचं, फोन करत बसायचं नाही. ४५ला धोका पातळी, तोपर्यंत लोक घरातली भांडी वर चढवत असतात.

नमस्कार. आमचा तासगावला बेदाण्याचा धंदा आहे, वडलांच्या नंतर मी बघते. इथल्या व्यापाऱ्यांचं सगळं ठरतं ते रात्री 'बसल्यावर'. मला कुणी नको म्हणत नाही पण बोलवतही नाही, आणि बोलवलं तरी मी जाणार नाही. दुपारच्या जेवणानं यात काही फरक पडेल का? की तिथंही मी एकटीच? – एक वाचक, तासगाव

फरक पडतो, आणि मी दुपारचा आग्रह धरतो त्याचं हे मोठं कारण आहे. रात्रीच्या बैठकीला कोण येऊ शकत नाही त्याची यादी करा : बायका, न पिणारे, ज्यांची शिफ्ट रात्री असते ते, आणि आपल्याकडं जैन मंडळी किती आहेत बघा, त्यातली बरीच सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. म्हणजे सांगलीच्या बाजारपेठेतला भलामोठा हिस्सा तुम्ही रात्री आठला बैठक ठेवली की बाहेरच राहतो. दुपारी एकला हे सगळे येतात आणि शुद्धीत बोलतात.

एकटी असाल का? पहिल्यांदा बहुतेक असाल. त्यावर माझं म्हणणं असं की सुरू करणाऱ्यांनी पहिल्याच यादीत तीन-चार जणी घ्याव्यात, एक घेतली की तिला 'महिला उद्योजिका' म्हणून हार घालतात आणि प्रश्न विचारायला विसरतात. आणि ताई, तुम्ही बोलवायची वाट कशाला बघताय. यजमान व्हा. तासगावच्या एखाद्या कोल्ड स्टोरेजवर जेवण ठेवा, बेदाणा रॅकवर कसा वाळतो, प्रतवारी कशी होते, पेटीत हिरवा-पिवळा वेगळा का काढतात हे मिरजेच्या फाउंड्रीवाल्यानं आयुष्यात बघितलेलं नसतं. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, पण त्याचा लोगो पेटीवर लावून भाव वाढवलाय असे व्यापारी किती, हा प्रश्न तुम्ही टाका आणि गप्प बसून ऐका. यजमानाच्या बोलण्यात कुणी मधे तोंड घालत नाही, एवढी रीत आपल्याकडं अजून आहे.

सर, आम्ही असं जेवण दोनदा केलं. पहिला पाहुणा दीड तास बोलला, ऐंशी स्लाइड होत्या, दोघं झोपले. दुसरा मोटिव्हेशनल होता, टाळ्या वाजवायला लावल्या. आता पाहुणा कुठनं आणायचा, मानधन किती द्यायचं? – एक वाचक, मिरज

पहिल्यांदा प्रोजेक्टर काढून टाका. सोळा माणसांना स्लाइड कशाला लागते? पाहुण्याला आधीच सांगायचं, वीस मिनिटं तुमची, चाळीस मिनिटं आमच्या प्रश्नांची, आणि गोड तुमचं बोलणं झाल्यावरच वाढणार. हे शेवटचं मी चेष्टेनं नाही लिहीत, बासुंदी मागं ठेवली की मधेच कुणी उठत नाही. वाढप्यांना पण सांगून ठेवा, पाहुणा उभा राहायच्या आत ताटं उचला, स्टीलच्या ताटांच्या खणखणाटात कुणाचंच डोकं चालत नाही. ओळख करून देणारा माणूस दोन वाक्यांचा बघा. आपल्याकडं नमनालाच घडाभर तेल जातं, 'ज्यांना परिचयाची आवश्यकता नाही' म्हणून दहा मिनिटं परिचय.

पाहुणा नाव असलेला नको, अडचण बघितलेला हवा. तीन उदाहरणं देतो.

एक, विम्याचा सर्व्हेअर. २००५, २०१९, २०२१ चे पूर बघितलेल्या गावात यापेक्षा कामाचा पाहुणा नाही. त्याला एकच विचारा, क्लेम अर्धा का मिळतो. तो गोदामाचा हिशेब मांडेल : माल १ कोटीचा, विमा काढलाय ५० लाखांचा, नुकसान झालं २० लाखांचं, तर हातात साधारण १० लाखच, कारण निम्म्या मालाचा विमा तुम्ही काढलाच नव्हता. हप्ता वाचवायला मालाची किंमत कमी दाखवणारे टेबलावर निम्मे तरी असतात आणि त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

दुसरा, सीए, पण विषय ४५ दिवसांचा. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडनं माल घेतला की लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे, हा कायदा २००६ पासून आहे. पण २०२४-२५ या आकारणी वर्षापासून आयकरात तरतूद आली की मुदतीत दिले नाहीत आणि वर्ष संपलं तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, देईल त्या वर्षी मिळतो. तेव्हापासून ही चर्चा जोरात आहे. मध्यम उद्योग यात बसत नाहीत, नुसता व्यापार करणारेही बसत नाहीत, आणि बऱ्याच जणांना आपण कुठल्या खान्यात आहोत हेच माहीत नसतं. १ एप्रिल २०२५ पासून तर मर्यादाच बदलल्यात, १० कोटी उलाढालीपर्यंत सूक्ष्म, १०० कोटीपर्यंत लघु, गुंतवणुकीची अट वेगळी. यावर वीस मिनिटं पुरत नाहीत, प्रश्नच दोन तास चालतात, अडीचला थांबवायला माणूस ठेवा.

तिसरा, मोठ्या कारखान्यातनं रिटायर झालेला मेंटेनन्सवाला. आपल्या जिल्ह्यात किर्लोस्करवाडी १९१० पासून आहे, असली अनुभवी माणसं गावोगाव पेन्शनीत बसलेली आहेत आणि त्यांना कुणी बोलवत नाही. पुण्यातनं माणूस आणायचा तर जाऊन-येऊन साडेचारशे किलोमीटर, त्याचा दिवस जातो, तुमचे पैसे जातात, आणि तो रस्त्यावरच्या ट्रॅफिकवर दहा मिनिटं बोलतो.

मानधन : जवळचा असेल तर गाडी, जेवण, आणि आपल्या मातीतलं काहीतरी, चांगली हळद, बेदाण्याची पेटी. शाल-श्रीफळ नको, माझ्याच कपाटात शालींना जागा नाही. व्यावसायिक बोलवला तर जे ठरेल ते बँकेतनं द्या. वर्षाला ५०,००० पर्यंत टीडीएसची भानगड नाही, १ एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा आहे, त्यावर गेलं की १० टक्के. पण खरं सांगू, एका जेवणाला त्याच्या वर खर्च करत असाल तर तुम्ही जेवण नाही, कार्यक्रम करताय.

आणि शेअर बाजारातल्या कंपनीचा मोठा अधिकारी आणणार असाल तर तिमाही संपल्यापासून निकाल लागेपर्यंतचा काळ टाळा. त्या काळात त्यांच्या लोकांना स्वतःच्या शेअरचे व्यवहारसुद्धा बंद असतात, उगाच कुणीतरी 'काय म्हणतंय यंदा?' विचारणार आणि तो संकोचणार.

मार्केट यार्डात आमची पेढी आहे, हळदीची. आम्ही आठ-दहा अडते-व्यापारी मिळून जेवण ठेवणार आहे. पाहुणा बोलून गेला की मग आमचं आमचं ठरवता येईल, यंदा काय भावानं धरायचं वगैरे. याला काही हरकत? – एक व्यापारी, सांगली

आहे. मोठी आहे. बरं झालं विचारलंत.

एकाच मालाच्या स्पर्धकांनी बसून भाव ठरवणं, माल अडवून धरणं, गावं वाटून घेणं, टेंडरमध्ये 'या वेळी तू, पुढच्या वेळी मी' करणं, हे सगळं २००२ च्या स्पर्धा कायद्यात कलम ३ खाली येतं. आणि कागदावर सही पाहिजे असं काही नाही, जेवताना मान डोलावली तरी ती समजूत धरली जाते. दंड ऐकून घास अडकेल : जितकी वर्षं ते चाललं त्या प्रत्येक वर्षाच्या नफ्याच्या तिप्पट, किंवा उलाढालीच्या १० टक्के, यातलं जे जास्त असेल ते, तिथपर्यंत जाऊ शकतो. हळदीच्या धंद्यात उलाढाल केवढी आणि त्यात सुटतं किती हे तुम्हाला मी सांगायला नको. आणि कायदा राहू दे बाजूला, ज्याचा भाव पाडला जाणार तो शेतकरी कोण आहे? तुमच्याच गावचा.

मग बोलायचं काय? भरपूर आहे की. एनसीडीईएक्स या शेतमालाच्या एक्स्चेंजवर वायदे कसे हलतात आणि त्याची सावली सौद्यावर कशी पडते. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय हळद बोर्ड सुरू झालं आणि त्याचं मुख्यालय गेलं निझामाबादला, त्यातनं आपल्याला काय मिळवता येईल. एक्स्पोर्टच्या लॅबमध्ये कर्क्युमिन किती, शिसं किती हे कसं तपासतात, त्या लॅबचा माणूस बोलवा, तो तासभर तुम्हाला जागेवरनं हलू देणार नाही. हरिपूरच्या पेवांचा विषय घ्या. जमिनीत हळद वर्षानुवर्षं टिकवायची ती पद्धत, २००५ च्या पुरात पेवंच्या पेवं गेली, आता गोदाम आणि कोल्ड स्टोरेजचा खर्च पेवाच्या मानानं कसा बसतो. सगळं उघड बोलता येतं, फक्त 'आपण काय भावानं धरायचं' हे वाक्य आलं की कुणीतरी विषय बदलायचा. आणखी सोपं, आठही हळदवाले नकोतच. दोन हळदवाले, एक ट्रान्स्पोर्टवाला, एक मसाला पॅकिंगवाला, एक फाउंड्रीवाला, असं मिसळा, म्हणजे त्या बोलण्याला जागाच राहत नाही.

बिलाचं कसं करायचं? एक बँक म्हणते आम्ही सगळा खर्च करतो, फक्त पाच मिनिटं द्या. – एक वाचक, विटा

ती पाच मिनिटं फार महाग पडतात. बँकेनंतर सोलरवाला येतो, मग ईआरपी सॉफ्टवेअरवाला, मग कुणाचा तरी भाऊ प्लॉट विकतो. ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं टेबलावर बसली की बाकीचे तोंड उघडत नाहीत. यजमानानंसुद्धा स्वतःचा माल विकायचा नाही, त्या दिवशी तरी नाही.

वर्षाचे पैसे प्रत्येकाकडनं आधीच घ्या. आला नाही तर परत नाही. 'येतो येतो' म्हणून न येणारे यानं सरळ होतात, दुसरा उपाय मला तरी माहीत नाही. साध्या रेस्टॉरंटच्या बिलावर ५ टक्के जीएसटी लागतो, आणि जेवणाच्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही, त्यामुळं कंपनीच्या नावानं बिल करा म्हणून काउंटरवर वाद घालत बसू नका. सर्व्हिस चार्ज आपोआप लावला असेल तर काढायला सांगा. तो सक्तीनं लावता येत नाही असं ग्राहक प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्येच सांगितलंय आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानं ते उचलून धरलं. वाढप्यांना मात्र हातात टीप द्या, हात आखडू नका.

आमच्यातला एक जण जेवण संपायच्या आत पाहुण्याचा फोटो आणि तो काय म्हणाला ते स्टेटसला टाकतो. सांगितलं तर राग येतो. – कुपवाड

लंडनला चॅटहॅम हाउस नावाची संस्था आहे, तिथं १९२७ पासून एक नियम चालतो : इथं ऐकलेलं बाहेर वापरा, पण कोण बोललं आणि तो कुठला हे सांगायचं नाही. जगभर वापरतात, सांगलीतही चालेल. पाहुण्यासमोरच मोठ्यानं सांगायचं, म्हणजे तोही मोकळा होतो आणि स्टेटसवाल्याला आपल्यालाच सांगितलं असं वाटत नाही. तरी ऐकत नसेल तर पुढच्या महिन्यात त्याला निरोप जायचा राहून गेला असं होऊ द्या.

व्हेज की नॉनव्हेज? यावरनं आमचं घोडं अडलंय. – इस्लामपूर

व्हेज. कुणाची संकष्टी, कुणाचा गुरुवार, कुणाचा श्रावण, कुणी कांदा-लसूण खात नाही. आणि मटण खाल्ल्यावर पाहुण्याचं ऐकायला जागं कोण राहणार. भरलं वांगं, गरम भाकरी, खर्डा, दही, दोन पदार्थ बिनकांद्याचे. भाकरी एकदम करून ठेवू नका म्हणावं, तव्यावरनं येऊ दे.

मी मिरजेत सतार-तंबोरे बनवतो. अशा जेवणांना मोठमोठे कारखानदार असतात, आमच्यासारख्याला कोण बोलवणार? बोलवून घ्यायला काय करावं? – एक कारागीर, मिरज

मेंबर म्हणून मागू नका, पाहुणा म्हणून जा. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मिळालंय आणि त्याच टेबलावरच्या निम्म्या लोकांनी तुमची गल्ली आतनं बघितलेली नसेल. तयार वाद्य नेऊ नका, ते बघून लोक नुसतं वा वा म्हणतात. अर्धवट झालेलं न्या, नुसता भोपळा, त्याला अजून दांडी बसवायची आहे असं. भोपळा पंढरपूरकडनं येतो, तो किती वाळवावा लागतो, त्यात किती फुकट जातात, एक तंबोरा विकेपर्यंत तुमचे पैसे किती महिने अडकतात, पुढच्या पिढीतली किती पोरं या कामात टिकलीत, हे आकड्यांत सांगा. वर्किंग कॅपिटल अडकणं काय असतं ते फाउंड्रीवाल्याला लगेच कळतं, तो तिथंच विचारेल अ‍ॅडव्हान्स का घेत नाही, परदेशातली ऑर्डर कोण बघतं, पॅकिंगमध्ये किती फुटतात. पॅकिंगचा माणूस तर त्याच टेबलावर बसलेला असेल. कुपवाडच्या एका मंडळींना पाहुणा हवाच आहे. तुमची हरकत नसेल तर नंबर कळवा, मी त्यांना देतो, पण हंगामातल्या ऑर्डरी संपल्यावरची तारीख तुम्हीच सांगा.